बाबांची रात्रशाळा

परवा आमच्या शेजारचा एक सातवीतला मुलगा माझ्याकडे एक तक्रार घेऊन आला.

"काका, आमचे बाबा चार महिने इंग्रजी शिकतायत. रोज पुस्तक उघडून बसतात. पण काल पाठ केलेला शब्द आज विचारला, तर आठवतच नाही! मला तर दोनदा वाचलं की येतो. मोठेपणी माणसाचं डोकं बंद पडतं का हो?"

आता या मुलाच्या बाबांची गोष्ट सांगतो. ते नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर काम करतात. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. हात कसबी आहे, पण सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजीत रिपोर्ट लिहावा लागतो, मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचावं लागतं. म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते शब्दार्थांची वही घेऊन बसतात. कधी? दुसरी पाळी संपवून रात्री साडेबाराला घरी आल्यावर, नाहीतर रात्रपाळी करून सकाळी आल्यावर.

मी त्या मुलाला विचारलं, "बाबा झोपतात किती?"

तो जरा गोंधळला. "रात्रपाळी असली की दुपारी झोपतात थोडा वेळ. पण आमचं घर म्हणजे दोन खोल्या. मिक्सर, कुकर, टीव्ही, दारावरची बेल... सारखे उठतात. पण काका, झोपेचा आणि इंग्रजीचा काय संबंध?"

संबंध आहे! आणि तो फार गमतीचा आहे. आजचा हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेलं उत्तर. तुम्ही वाचाच, आणि वाचून झाल्यावर आईबाबांच्या हातातही द्या.

मोठ्यांना भाषा येत नाही?

आधी तो "डोकं बंद पडतं" हा गैरसमज दूर करू या.

साने गुरुजी तुम्हांला माहीत आहेतच. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. १९३० साली सत्याग्रहात भाग घेतला म्हणून सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांना पार तिकडे तमिळ मुलखात, त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेलं. आजूबाजूला तमिळ बोलणारे कैदी. गुरुजी तेव्हा तिशीतले. त्यांनी काय केलं असेल? ते तमिळ शिकले! आणि नुसतं "जेवलात का, बरे आहात का" एवढंच नाही बरं का. तमिळ भाषेतला थोर ग्रंथ 'तिरुक्कुरळ', तेराशे तीस छोट्या छोट्या पद्यांचा, त्यांनी मराठीत आणला. भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात असं त्यांना फार वाटे. 'आंतरभारती' हे त्यांचं स्वप्न यातूनच फुललं.

दुसरं उदाहरण विनोबा भाव्यांचं. त्यांचा जन्म १८९५ चा. १९४२ च्या चळवळीत त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात ठेवलं होतं. वय सत्तेचाळीस. तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास मांडला.

तेव्हा मोठ्यांचं डोकं बंद वगैरे काही पडत नाही. लहान मुलं परक्या भाषेचे उच्चार अगदी तंतोतंत उचलतात, हे खरं. त्यात मोठी माणसं मागे पडतात. पण नवे शब्द पाठ करणं, व्याकरणाचा नियम समजून घेणं यात मोठी माणसं कमी नसतात. उलट पुष्कळदा पुढेच असतात. मग आपल्या बाबांचे शब्द रातोरात जातात कुठे?

त्यासाठी रात्री मेंदूत काय चालतं ते बघायला हवं.

मार्केट यार्ड आणि कसारा घाट

नाशिकच्या मुलांनी पंचवटीतलं मार्केट यार्ड पाहिलं असेल. दुपार कलली की गावोगावचे शेतकरी भाजीपाला घेऊन येतात. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, कोबी. नुसता ढीग! लिलाव होतात, आणि मग रात्री ट्रक भरून तो माल मुंबईकडे निघतो. पहाटेपर्यंत मुंबईच्या बाजारात पोचतो. यार्ड मोकळं होतं, दुसऱ्या दिवशीच्या मालाला जागा होते.

आपल्या मेंदूतही असंच एक यार्ड आहे. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत खोलवर बसलेला हा एक भाग. दिवसभरात जे नवीन शिकाल, उदाहरणार्थ इंग्रजीचे वीस शब्द, ते आधी इथे उतरतात. पण ही जागा कायमची नाही. कायमचा बाजार म्हणजे मेंदूचा वरचा, सुरकुत्यांचा थर. तिथे तुमचे लहानपणापासूनचे सगळे शब्द नीट लावून ठेवलेले असतात. यार्डातला माल त्या बाजारात पोचवायचं मोठं काम होतं रात्री, तुम्ही गाढ झोपलेले असताना!

गाढ झोपेत मेंदूत विजेच्या मोठ्या, संथ लाटा उठतात. त्या लाटांवर मधूनच एक-दोन सेकंदांची झपझप थरथर उमटते. डोक्याला तारा लावून ही थरथर कागदावर काढली, तर तिचा आकार मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता दिसतो. चरख्याच्या चातीवर सूत गुंडाळलं की जसं दिसतं ना, अगदी तसा. म्हणूनच शास्त्रज्ञांनी तिला 'झोपेची चाती' असंच नाव दिलंय. या लाटा आणि चात्या एकमेकींशी ताल धरून चालतात, तेव्हा यार्डातला माल बाजारात जातो. ज्या रात्री चात्या चांगल्या चालतात, त्या रात्रीनंतर शब्द अधिक लक्षात राहतात असं कितीतरी प्रयोगांत दिसलंय.

झोप काही एकसारखी नसते. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा चार-पाच फेऱ्या रात्रीत होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त. पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त. तिच्यात बंद पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळं भराभर हलत असतात. ही स्वप्नांची झोप शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली १९५३ साली, अमेरिकेत.

आता सांगा, मुंबईला निघालेला ट्रक कसारा घाटात दर वीस मिनिटांनी अडवला तर? माल सकाळी पोचेल का? नाही ना! झोपेचंही तसंच. बेल वाजली, उठले. कुकरची शिट्टी झाली, उठले. घड्याळाप्रमाणे सहा तास अंथरुणात काढले, पण झोप तुकड्यातुकड्यांची. दर वेळी गाडी घाटातच अडकली! म्हणून झोप किती तास झाली याबरोबरच ती कशी झाली, हेही तेवढंच महत्त्वाचं.

शास्त्रज्ञांनी हे शोधलं कसं?

ही चौकशी सुरू झाली त्याला शंभर वर्षं झाली. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायला दिली. कधी पाठ करून झोपायचं, कधी पाठ करून जागं राहायचं. मग काही तासांनी म्हणून दाखवायचं. झोप झाल्यावर जास्त अक्षरं आठवली!

इथे एखादा चौकस मुलगा म्हणेल, "त्यात काय मोठंसं? झोपेत दुसरं काही कानावर पडत नाही, म्हणून आधीचं टिकलं असेल." शाबास! त्या दोघांनाही तसंच वाटलं होतं. झोप म्हणजे नुसती कुलूपबंद खोली. पण पुढच्या प्रयोगांनी दाखवलं की त्या खोलीत कोणीतरी काम करतंय.

२००७ सालचा प्रयोग पाहा. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातले गॅस्केल आणि त्यांचे सहकारी ड्यूमे यांनी मोठ्या माणसांना खोटे खोटे शब्द शिकवले. 'कथीड्रल' म्हणजे मोठं चर्च. त्यावरून त्यांनी बनवला 'कथीड्रूक'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'चिमणी'वरून 'चिमणूक'. आता गंमत बघा. 'चिमणूक' हा शब्द खरोखर तुमच्या शब्दांच्या घरात राहायला आला, तर कुणी "चिम..." म्हणताच दोघं शब्द एकदम पुढे येतील, आणि 'चिमणी' ओळखायला किंचित उशीर होईल. हा उशीर मोजता येतो. ज्यांनी शब्द सकाळी शिकले त्यांच्यात संध्याकाळपर्यंत तो उशीर दिसला नाही. ज्यांनी रात्री शिकले आणि झोपून उठले, त्यांच्यात दिसला! बारा तास दोघांचेही गेले होते. पण झोपलेल्यांच्या डोक्यात नवा शब्द जुन्या शब्दांच्या पंगतीत जाऊन बसला होता.

२०१६ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी आणखी कामाची गोष्ट दाखवली. फ्रेंच बोलणाऱ्या मोठ्या माणसांना त्यांनी आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेचे सोळा शब्द दिले. एका गटाने सकाळी पाठ केले आणि संध्याकाळी उजळणी केली. दुसऱ्या गटाने संध्याकाळी पाठ केले, रात्री झोपले आणि सकाळी उजळणी केली. उजळणीला बसताना पहिल्या गटाला सरासरी साडेसात शब्द आठवत होते, दुसऱ्याला दहा. पुढे सगळे सोळा शब्द बिनचूक यायला दुसऱ्या गटाला जवळजवळ निम्मीच मेहनत पुरली. आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तरी झोपलेलेच पुढे! म्हणजे पाठांतर, मग झोप, मग उजळणी. हा क्रम लक्षात ठेवा.

कॅसेट लावून झोपलं तर?

"मग काका, पुस्तक उघडायचंच कशाला? टेप लावून झोपू या!" असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

ही युक्ती जुनी आहे. एके काळी अशी यंत्रं विकली जात. उशीपाशी ठेवायची, रात्रभर धडे वाजत राहायचे. १९५६ साली सायमन आणि एमन्स या दोन अमेरिकन संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. झोपलेल्या लोकांच्या मेंदूतल्या लाटा मोजत मोजत त्यांना प्रश्न आणि उत्तरं ऐकवली. लोक खरंच झोपलेले असताना ऐकवलेलं काहीही सकाळी आलं नाही. जे थोडंफार आलं, ते अर्धवट जागे असतानाचं.

पण यातही एक गंमत आहे. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणाऱ्या काही जणांनी झोपण्याआधी डच भाषेचे शब्द पाठ केले. मग ते गाढ झोपेत असताना त्यातले काही शब्द अगदी हळू आवाजात ऐकवले. उठल्यावर ते ऐकवलेले शब्द न ऐकवलेल्या शब्दांपेक्षा जास्त आठवले. हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे काय? झोप नवा शब्द शिकवत नाही, शिकलेला मुरवते. लोणच्यासारखं. बरणीत कैरीच घातली नाही, तर मुरणार काय?

कॅनडातही एक मजेदार पाहणी झाली होती. इंग्रजी बोलणारे काही विद्यार्थी सहा आठवडे फ्रेंच शिकत होते. ज्यांची फ्रेंच भराभर सुधारली, त्यांची स्वप्नांची झोप वाढलेली आढळली, आणि त्यांच्या स्वप्नांत फ्रेंच बोलणारी माणसंही लवकर आली! तुमच्या स्वप्नातले सर इंग्रजीत ओरडायला लागले, तर घाबरू नका. प्रगती चालू आहे असं समजा.

लहान विरुद्ध मोठे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. "मला दोनदा वाचलं की येतं, बाबांना का येत नाही?"

एक कारण असं, की मुलांची झोप मोठ्यांपेक्षा गाढ असते. लहानपणी संथ लाटांची झोप भरपूर असते. वय वाढतं तशी ती कमी होत जाते. तान्ही बाळं तर सारखी झोपतात, आणि त्या झोपेचाही उपयोग होतो. पंधरा महिन्यांच्या बाळांना एक बनवलेली भाषा ऐकवून अमेरिकेत २००६ साली प्रयोग झाला. ऐकल्यावर ज्या बाळांनी डुलकी काढली, त्यांना त्या भाषेतला नियम नव्या वाक्यांतही उमगला!

दुसरं कारण तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. तुम्ही रात्री दहाला झोपता, तुमच्यावर कुणीतरी पांघरूण घालतं, दिवा मालवतं. बाबा झोपतात दुपारी दोनला, उजेडात, गोंगाटात. आपल्या शरीरातलं घड्याळ सूर्यावर चालतं. दिवसा ते "जागा हो, जागा हो" म्हणत असतं. दर आठवड्याला पाळी बदलली की ते बिचारं आणखी गोंधळतं. बाबांचं डोकं मंद नाही. त्यांचे ट्रक घाटात अडकलेत.

नाशिकमध्ये अशी माणसं हजारोंनी आहेत, मुलांनो. सातपूर आणि अंबडचे कारखाने आहेत, नाशिकरोडला नोटा आणि तिकिटांचे छापखाने आहेत, इस्पितळं आहेत, एस. टी. आहे. शिवाय नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही इथलंच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. दूरच्या प्रांतांतून कामाला आलेली कितीतरी माणसं इथे मराठी शिकतायत. कुणाची आई मुलाचा अभ्यास घेता यावा म्हणून इंग्रजी शिकतेय. ती पहाटे पाचला उठते आणि सगळ्यांनंतर झोपते. या सगळ्यांना आपण चटकन म्हणतो, "तुला नाहीच जमणार." मग तेही तसंच समजू लागतात आणि एक दिवस वही मिटून ठेवतात. केवढं नुकसान हे! आणि कशापायी, तर पुरेशी झोप नाही म्हणून.

आणि त्या रात्री?

एक शंका तुमच्या मनात आली असेल. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती आपल्या नाशिकच्या तुरुंगात. ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी सुरुवात केली आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे ती संपवली. दिवसा तुरुंगातलं काम आणि रात्री लिखाण. मग झोपेचं महत्त्व कुठे राहिलं?

नीट विचार करा. 'श्यामची आई'तलं गुरुजी त्या पाच दिवसांत *शिकले* नव्हते. कोकणातलं ते घर, ती आई, तिचे ते शब्द त्यांच्या मनात वर्षानुवर्षं मुरलेले होते. त्या रात्री त्यांनी फक्त बरणीचं झाकण उघडलं. मनात भरलेलं बाहेर ओतायला एखाद्या वेळी जागरण चालतं. आत भरायला मात्र झोप लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकंपट्टी करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावं!

घरी करून पाहा

तमिळचे सोळा शब्द देतो. आठ-आठचे दोन गट आहेत.

पहिला गट: तण्णीर – पाणी, वीडु – घर, मरम् – झाड, पाल् – दूध, कण् – डोळा, नाय् – कुत्रा, उप्पु – मीठ, इरवु – रात्र.

दुसरा गट: नेरुप्पु – आग, पूनै – मांजर, कै – हात, मीन् – मासा, काल् – पाय, वानम् – आकाश, मण् – माती, पू – फूल.

('पाल्' म्हणजे दूध हे विसरू नका, नाहीतर भिंतीवरच्या पालीला घाबरून दूध सांडाल!)

रविवारी सकाळी आठला पहिला गट पंधरा मिनिटं पाठ करा आणि रात्री आठला न बघता लिहा. दुसरा गट सोमवारी रात्री आठला पाठ करा, वेळेवर झोपा आणि मंगळवारी सकाळी आठला लिहा. आईबाबांनाही बरोबर घ्या. एका घरातल्या प्रयोगाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरं. कुणाचे आकडे उलटेही येतील. पण वर्गातल्या सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून सरासरी काढली, तर गणिताचे सरही खूश होतील.

आता थोडं कामाचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा, आणि मोठ्यांना निदान सात. शब्द पाठ करायचे ते झोपण्याआधी थोडे, आणि उठल्यावर पाच मिनिटं उजळणी. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. मोबाइल अंथरुणाबाहेर. आणि घरात कुणी रात्रपाळीचं असेल, तर त्यांच्या झोपेचे तास ही सगळ्या घराची जबाबदारी समजा. खिडकीला जाड पडदा, टीव्ही बंद, मिक्सर आधीच फिरवून घ्यायचा.

शेजारच्या त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी दारावर एक कागद चिकटवला. "बाबा शिकत आहेत. बेल वाजवू नये."

मी म्हटलं, "अरे, 'झोपले आहेत' असं लिही ना."

तो म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलंत ना, एकच आहे ते!"